सुखाच्या वर्षांत आणि आजारपणात देवाचा चांगुलपणा शिकताना

घरात दीर्घ आजार आलेली माणसे मला अनेकदा विचारतात, की इतके सोसूनही देव चांगला आहे हा तुमचा विश्वास टिकला कसा. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि घाईने दिलेले उत्तर विचारणाऱ्याच्या उपयोगीही पडत नाही. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते. माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून ते डायलिसिसवर आहेत. हा आजार येण्यापूर्वीची आमची वर्षे सुखाची होती आणि माझे सांगणे त्या वर्षांपासूनच सुरू होते. कारण ज्या विश्वासाच्या आधारावर आम्ही पुढे उभे राहिलो, तो संकट आले त्या दिवशी निर्माण झालेला नव्हता.

लग्नानंतर काही काळाने आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका वयोवृद्ध बहिणीने मला स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधील १५० स्तोत्रांचा संग्रह, क्रमाने वाचायला सांगितले. रोज संध्याकाळी एक स्तोत्र वाचायचे, फार मोठे असेल तर त्याचे भाग करायचे आणि शेवटचे १५० वे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. "मन पाहून स्तोत्र निवडू नकोस. आज जे आले ते वाच," एवढीच त्यांची अट होती. स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, हे मला तोपर्यंत जाणवलेच नव्हते. आनंदात असताना ‘माझे डोळे रडून क्षीण झाले’ अशा अर्थाच्या ओळी वाचणे मला खोटे वाटू लागले, तेव्हा मी त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नसेल तर ज्याच्यासाठी आहे, त्याच्या वतीने वाच." त्या दिवसापासून विलापाचे स्तोत्र आले की मी ओळखीच्या कोणा दुःखी माणसाचे नाव मनात धरून ते वाचू लागले.

सुखाच्या काळात देवावर विश्वास ठेवणे सोपे असते असे आपण गृहीत धरतो, पण पवित्र शास्त्र तसे समजत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना वाळवंटाची नव्हे, तर वाळवंट संपल्यानंतरच्या दिवसांची भीती घालतो: तुम्ही खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे आणि सोनेनाणे वाढेल, आणि मग हे सारे माझ्याच हाताच्या बळाने मिळाले असे मनात म्हणाल. हा इशारा मला फार नेमका वाटतो. विसरणे हा सुखाचा स्वभाव आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा असावाच लागतो असे नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जे नऊ आभार मानायला परत आले नाहीत, तेही येशूने सांगितल्याप्रमाणे याजकांकडेच निघाले होते. त्यांना वाटेत बरे वाटले आणि ते पुढे चालत राहिले, इतकेच.

हे लक्षात ठेवून मी एक वही केली. तिच्यात "सर्व काही ठीक आहे, प्रभू तुझे आभार" असे मोघम लिहायचे नाही, नाव घेऊन लिहायचे, असा माझा नियम होता. मुलीचा ताप उतरला. सासूबाई रागावल्या होत्या, आज त्यांनी स्वतःहून हाक मारली. गहाळ झालेले कागद सापडले. अशा बारीकसारीक नोंदींनी ती वही भरत गेली आणि तिचा एक परिणाम असा झाला, की आमचे आयुष्य आम्ही स्वतः घडवले आहे असे मानणे मला कठीण होऊन बसले.

याच वहीमुळे एक अवघड प्रश्नही समोर आला. यांना बढती मिळाली त्याच सुमारास शेजारच्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाची नोकरी गेली. बढतीची नोंद करायला मी वही उघडली आणि लेखणी थांबली. आमची बढती हा देवाच्या चांगुलपणाचा पुरावा असेल, तर भिंतीपलीकडे जे घडले तो कशाचा पुरावा? देव आमच्याशी चांगला आणि त्यांच्याशी वाईट, असे म्हणायचे का? मला वाटते, खरे शिक्षण इथून सुरू झाले, आणि तेही आमच्या भरभराटीच्या दिवसांत. ७३ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ याने जवळजवळ हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला आहे. देव चांगला आहे असे म्हणून तो आरंभ करतो आणि लगेच दुर्जनांची भरभराट पाहून आपले पाय कसे घसरू लागले होते ते सांगतो. स्तोत्राच्या शेवटी त्याची परिस्थिती बदललेली नाही, दुर्जनांचीही बदललेली दिसत नाही. तो मात्र म्हणतो, की देवाजवळ असणे हेच माझे कल्याण आहे. बढती, तब्येत, मुलांचे यश ही त्या चांगुलपणाची मोजपट्टी नव्हे, ही गोष्ट मला तेव्हा बुद्धीने पटली. जीवाने पटायला पुढची वर्षे लागली.

यांच्या पायांना सूज येऊ लागली, भूक मंदावली, जिना चढताना धाप लागू लागली. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा एक टाकाऊ घटक, फार वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी सांगितले, की मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले आहे व ते पूर्ववत होणार नाही. आम्ही घरी आलो. संध्याकाळ झाली. वाचनात १३६ वे स्तोत्र होते.

ज्यांनी हे स्तोत्र वाचले आहे त्यांना ठाऊक आहे, की त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे एकच पालुपद येते. एकाने पूर्वार्ध वाचायचा आणि दुसऱ्याने पालुपद म्हणायचे, अशी आमची पद्धत होती. त्या संध्याकाळी मी म्हटले, "आज नको. आज हे म्हणवत नाही." ते म्हणाले, "मग तू पहिला भाग वाच, पालुपद मी म्हणतो." मी वाचू लागले. त्यांना दम लागत होता, त्यामुळे काही वेळा ते शब्द अर्ध्यावर तुटत, आणि ते पूर्ण होईपर्यंत मला थांबावे लागे. तसे थांबता थांबता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, जी मी याआधी कितीतरी वेळा वाचूनही पाहिली नव्हती. या स्तोत्रात म्हणणाऱ्याच्या भावना कुठेच नाहीत. त्यात आकाश आणि पृथ्वी आहे, सूर्य आणि चंद्र आहेत, मिसर देशातून झालेली सुटका आहे, दुभंगलेला समुद्र आहे, रानातली वाट आहे, आणि शेवटाकडे सर्व प्राण्यांना अन्न देणारा देव आहे. देवाने काय केले, एवढेच ते सांगते. आज मला कसे वाटते यावर त्याची दया अवलंबून नाही, म्हणूनच जिला काहीच वाटेनासे झाले होते अशा मलाही ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचता आले. शेवटच्या दोन ओळींचे पालुपद मीही त्यांच्यासोबत म्हटले.

यानंतर आमच्या आयुष्याला डायलिसिसची शिस्त लागली. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, एका सुईतून रक्त यंत्राकडे जाते आणि दुसरीतून शुद्ध होऊन परत येते. त्यासाठी हातातील रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडून फिस्टुला तयार करतात. तो नीट चालू आहे की नाही हे रोज पाहावे लागते: मनगटाच्या वरच्या बाजूला बोटे हलकेच ठेवली की त्वचेखाली एक अखंड थरथर जाणवते. ती थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. रोज सकाळी अंथरुणात बसूनच ते हातावर बोटे ठेवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि "आहे" म्हणतात. तोवर मी श्वास रोखून धरलेला असतो. पाणीदेखील मोजून प्यावे लागते, आणि दोन उपचारांमध्ये वाढलेले वजन म्हणजे शरीरात साठलेले पाणी, हा हिशेब आता आम्हाला तोंडपाठ झाला आहे.

त्या पहिल्या काळात विलापाची स्तोत्रे, जी मी इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने वाचत होते, ती माझी झाली. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. मी तो त्याहून कितीतरी जास्त वेळा विचारला. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी आशेची एकही ओळ नाही. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवले गेले आहे, या गोष्टीचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. देवाने आपल्या लोकांच्या हाती आपल्याविरुद्धच्या तक्रारीचे शब्द स्वतःच दिले आहेत. ज्याच्या चांगुलपणाची आशाच उरलेली नाही त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे मांडत नाही. मनुष्य त्याच्याकडे पाठ फिरवून गप्प होतो. त्यामुळे रात्री जागून, रडून, रागाने केलेली माझी प्रार्थना ही अविश्वासाची खूण आहे असे मी मानले नाही आणि आजही मानत नाही.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. पुष्कळांनी मनापासून प्रेम केले, आणि ते ऋण मी विसरणार नाही. पण "यात देवाची काहीतरी योजना असेल", "देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो", ही वाक्ये दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात ऐकणाऱ्याला फार जड जातात. बायबलमधील ईयोब या नीतिमान माणसावर संकटांमागून संकटे आली, तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते. ते बोलू लागले तसे दुःखाचे कारण शोधू लागले, आणि त्या ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांच्यावरच रागावतो. माझ्याविषयी जे यथार्थ ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सांगतो. इतके अध्याय ज्याने देवाशी वाद घातला, त्याच्याविषयी देव असे म्हणतो! माझ्या पतींचा आजार चांगला आहे असे मी कधी म्हटले नाही आणि कोणाला म्हणू देत नाही. आजार हा आजारच आहे. देव चांगला आहे हे वेगळे विधान आहे, आणि या दोहोंची गल्लत केली की दुःखी माणसाला आपले दुःखही गिळावे लागते आणि देवाविषयी मनात एक न बोललेली अढी बसते.

सर्वांत कठीण काळ निदानाचा नव्हता. तो आशा निर्माण होऊन मोडली तेव्हाचा होता. माझा रक्तगट यांच्याशी जुळत नव्हता. माझ्या नणंदेने मूत्रपिंड देण्याची तयारी दाखवली. महिनोन्महिने तपासण्या चालल्या, मंडळीत उपास आणि प्रार्थना झाल्या, शस्त्रक्रियेची तारीख जवळ येईल असे वाटू लागले. आणि मग तिलाच मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले व डॉक्टरांनी तिला दाता म्हणून नाकारले. नणंद मला म्हणाली, "वहिनी, या निमित्ताने माझा आजार वेळेत कळला, त्याबद्दल मी देवाचे आभार मानते." ती खरे बोलत होती आणि तिचे आभार खरे होते. त्या क्षणी मला मात्र त्यात सामील होता आले नाही. देवाने एकाच उत्तरात तिला काहीतरी दिले आणि आमच्याकडून काहीतरी काढून घेतले, असेच मला दिसत होते.

मागितलेले मिळाले नाही, या एकाच गोष्टीभोवती माझे मन कित्येक दिवस फिरत राहिले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे त्याला सतत छळणारे एक दुखणे, दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले आणि काटा गेला नाही. त्याला उत्तर मिळाले ते एवढेच, की माझी कृपा तुला पुरे आहे. पूर्वी मला हे उत्तर अपुरे वाटे. पण त्याच्याही मागे गेथशेमाने बाग आहे, जिथे खुद्द देवाच्या पुत्राने, येशूने, हा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. आणि वधस्तंभावर त्याने २२ व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीने आक्रोश केला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ विलापाचे स्तोत्र त्याच्याही ओठांवर होते. देवाच्या चांगुलपणाविषयी माझी जी काही खात्री आहे, ती इथे येऊन थांबते. तो दुःखाच्या बाहेर उभा राहून आमच्याकडे पाहत नाही. न मिळालेल्या उत्तराची वेदना त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेली आहे. यामुळे माझा "का" सुटला असे नाही, पण ज्याला मी "का" विचारते तो कोण आहे, याविषयी संशय उरला नाही.

नणंदेच्या त्या वाक्यात मला सामील होता आले ते पुष्कळ उशिरा, तिची साखर औषधांनी आटोक्यात आली तेव्हा. वहीत ती नोंद आहे.

दीर्घ आजारात आणखी एक अडचण येते, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही: माणसाला आनंदाची भीती वाटू लागते. मुलीला मनासारखे काम मिळाले, तेव्हा घरातील सर्वांचे चेहरे उजळले आणि माझ्या पोटात गोळा आला. आता याच्या मागून काय येणार, असे वाटले. देवाने एका हाताने दिले की तो दुसऱ्या हाताने वसुली करतो, असा हिशेब मी नकळत मनात मांडू लागले होते. अशा मनाने आभारही मानता येत नाहीत, कारण देणाऱ्यावरच संशय असतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल बंदिवासातून लिहितो, की दैन्यात आणि विपुलतेत कसे राहावे, हे दोन्ही मी शिकलो आहे. विपुलताही शिकावी लागते, हे मला त्या दिवसांत उमगले. मी मुलीला जवळ घेतले आणि त्या संध्याकाळी आम्ही त्या दिवसाचे ठरलेले स्तोत्र वाचून झाल्यावर, क्रम मोडून, देवाच्या उपकारांची आठवण करणारे १०३ वे स्तोत्रही वाचले. आजारी माणसाच्या घरातही आनंद पूर्ण मनाने घ्यायचा असतो. तो उसना नसतो.

बायबलमधील विलापगीत या पुस्तकाने मला याबाबतीत पुष्कळ धीर दिला. यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास उद्ध्वस्त झाले, त्या विध्वंसाविषयीची ही पाच काव्ये आहेत. त्यांपैकी पहिली चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. म्हणजे इतक्या मोठ्या आकांतालाही एक क्रम दिलेला आहे. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, ही सर्वांना पाठ असलेली ओळ या पुस्तकाच्या मध्यभागी, तिसऱ्या अध्यायात येते. ती ओळ सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावली जाते, पण तिच्या पुढे आणखी दोन अध्याय आहेत आणि त्यांत पुन्हा भूक, राख आणि रडणे आहे, हे सहसा सांगितले जात नाही. आमच्या घरीही आशा अशीच येते. ती येते, खरी असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्याची पिशवी भरावी लागते.

सध्या यांचे नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवर आहे. मूत्रपिंड मिळायचे ते एखाद्या मृत व्यक्तीच्या नातेवाईकांनी दान केले तरच, आणि त्यामुळे या विषयीची प्रार्थना मला फार जपून करावी लागते. आमच्या घरी ज्या दिवशी दूरध्वनी येईल, त्या दिवशी दुसऱ्या एका घरात आकांत असेल. शेजारच्यांची नोकरी गेली तेव्हा वहीपुढे उभा राहिलेला प्रश्न आता याहून कितीतरी मोठा होऊन समोर आहे. कोणाचे तरी माणूस जावे असे मी मागू शकत नाही आणि मागत नाही. ज्या कुटुंबावर तो प्रसंग येणारच असेल, त्याला त्या घडीला देव जवळ असल्याचे कळावे, देण्याचे धैर्य व्हावे, आणि त्यांचे रडणे ऐकणारा कोणी असावा, अशी मी नाव माहीत नसलेल्या त्या माणसांसाठी प्रार्थना करते. विलापाचे स्तोत्र आले की आता मी ते त्यांच्या वतीने वाचते. आणि त्यानंतर, काहीही न लपवता, आम्हाला मूत्रपिंड मिळावे अशीही मागणी करते. स्तोत्रात पालुपद असले तर ते अजूनही माझे पतीच म्हणतात.